दहावी झाली की बघू

सातारा,
11 मे

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू आईशी फोनवर बोलत होतीस तेव्हा मी शेजारीच लसूण सोलत बसलो होतो. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळं ऐकू आलं. पाठ धरते, लिफ्ट बंद असली की तिसऱ्या मजल्यापर्यंत दम लागतो, जानेवारीत जिमचे वर्षाचे पैसे भरले आणि फेब्रुवारीपासून गेलेच नाही, हे सगळं सांगून झाल्यावर तू म्हणालीस, "आता ऊन केवढं आहे, त्यात पिल्लूला सुट्टी. जूनमध्ये त्याची शाळा सुरू झाली की बघू."

मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण हे वाक्य माझं आहे, ताई. तू नववीतून दहावीत गेलीस त्याच मे महिन्यात तुमचे खेळाचे सर घरी आले होते. तू खो-खोला जिल्ह्याच्या निवडीत होतीस, आणि शिबिराला पाठवा म्हणून ते सांगायला आले होते. मी त्यांना चहा दिला आणि म्हणालो, "सर, दहावीचं वर्ष आहे. दहावी झाली की बघू." तू दारात उभी होतीस. हातात कॅनव्हासचे बूट होते, आदल्या दिवशीच खडू लावून पांढरे केलेले. तू एका शब्दानं बोलली नाहीस. आत गेलीस आणि बूट कॉटखाली सारलेस. दहावी झाली, मग बारावी, मग इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न, पिल्लू. बघायचं राहूनच गेलं. घराला रंग काढला तेव्हा ते बूट सापडले, आणि तोवर ते तुझ्या पायाला होण्यासारखे राहिले नव्हते.

खांबापाशी सूर मारून गडी टिपणारी माझी पोरगी आज चौतिसाव्या वर्षी जिन्याला दमते, त्याची सुरुवात माझ्या त्या वाक्यात आहे. आजवर हे मी तुझ्याशी बोललो नाही. आज माफी मागतो, आणि मला उशिरा जे उमगलं ते तुला लिहून कळवतो. फोनवर मला एवढं बोलता येत नाही.

तुला माझी नोकरी माहीत आहे. एकतीस वर्षं एसटीच्या स्टेअरिंगवर काढली. आधी मुक्कामाच्या गाड्या, नंतर सातारा-स्वारगेट विनाथांबा. खंबाटकी घाट, कात्रजचा घाट, दिवसाला दोन फेऱ्या. हाताला, खांद्याला आणि क्लचवरच्या डाव्या पायाला काम, बाकी सगळं शरीर सीटवर. निवृत्त झालो तरी बसणं काही सुटलं नाही. 61व्या वर्षी पाय जळजळायला लागले म्हणून रक्त तपासलं, तर तीन महिन्यांची साखर 8.6 निघाली. जूनचा शेवट होता, आषाढ लागायचा होता, बाहेर धो धो पाऊस. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं. मी काय म्हणालो असेन? "पावसाळा संपला की सुरू करतो."

डॉक्टर भले माणूस. त्यांनी कागद पुढं ओढून मला समजावलं. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. तेवढे दिवस रक्तातली साखर तिला चिकटत राहते, आणि ती किती चिकटली हेच त्या तपासणीत मोजतात. म्हणून तिला तीन महिन्यांची साखर म्हणतात. "दसऱ्यापर्यंत थांबलात," ते म्हणाले, "तर आज अंगात असलेली बहुतेक प्रत्येक पेशी तोवर बदललेली असेल, आणि नवी आलेलीही अशीच साखरेत बुडालेली असेल." मी गाडी चालवणारा माणूस, एवढा हिशेब मला लगेच कळला. पावसाळा संपायची वाट मी बघणार होतो, शरीर बघणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे छत्री घेऊन स्टँडवर गेलो. साताऱ्यात भर पावसात कोरडं चालायला तेवढी एकच जागा मला ठाऊक होती, फलाटांवरचं छप्पर. पहिल्या फलाटापासून शेवटच्या फलाटापर्यंत आणि परत. ड्युटीवरचे ओळखीचे ड्रायव्हर-कंडक्टर हाक मारायचे, चहाला बोलवायचे. मी आधी फेऱ्या पूर्ण करायचो, मग चहा, बिनसाखरेचा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं चाललो. जास्त चालवलं असतं, पण दहाच ठरवली होती. दोन आठवडे दहाच ठेवली. तिसऱ्या आठवड्यात पंधरा केली. गणपतीत पंचवीस. नवरात्र लागेतो चाळीस मिनिटं चालत होतो आणि पाय दुखत नव्हते. ज्या दसऱ्याला मी सुरुवात करणार होतो, त्या दसऱ्याला माझी तीन महिन्यांची साखर 7.3 होती. गोळ्या चालूच होत्या, आजही एक आहे. चाललं म्हणून औषध आपल्या मनानं सोडायचं नसतं.

त्याच डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी नंतर वाचनालयात बसून नीट वाचून काढली. त्यांनी विचारलं होतं, "तुमच्याबरोबरचे कंडक्टर कसे आहेत?" माझ्या गाडीवर अकरा वर्षं जो कंडक्टर होता तो तुला आठवत असेल, तुला तिकिटांचे कोरे कागद आणून द्यायचा. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. अजून सायकलवरून रानात जातो. साखर नाही, बीपी नाही. मी म्हणालो, तो ठणठणीत आहे. त्यावर डॉक्टरांनी लंडनचं सांगितलं.

लंडनमध्ये दुमजली बस असतात. तिथल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांच्या हृदयविकाराचा अभ्यास जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं सहकाऱ्यांबरोबर केला आणि तो 1953 साली छापून आला. दोघं एकाच बसवर, कमाईही जवळपास सारखी, धूर-धूळ सारखीच. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर तिकिटं काढत वरच्या मजल्यावर आणि खाली, दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. हृदयविकार कंडक्टरांना कमी आढळला, झाला तर उशिरा झाला आणि कमी जोराचा झाला. टपालखात्यात बघितलं तर तिथंही तेच. पत्रं वाटत फिरणारे पोस्टमन बरे होते आणि टेबलावरचे कारकून त्यांच्यापेक्षा वाईट. पुढे मॉरिसच्याच मंडळींनी बसवाल्यांच्या गणवेशाची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हर मुळातच कंबरेनं जाड असायचे असंही दिसलं. म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तरी पुढच्या कितीतरी अभ्यासांनी मूळ गोष्ट खरी ठरवली. मॉरिस स्वतः 99 वर्षं जगले.

हे वाचताना मला सारखा माझा कंडक्टर डोळ्यापुढं येत होता. गाडीत पंचावन्न बसलेले आणि वीस उभे असायचे, त्यांच्यातून पुढे मागे करत, टपावरचं सामान उतरवत, रिव्हर्स घेताना खाली उडी मारून शिट्टी वाजवत त्यानं आयुष्य काढलं. त्यानं व्यायाम म्हणून काही केलं नाही, पण त्याच्या दिवसात तो थोडा थोडा, जागोजागी होता. उन्हाळा-पावसाळा बघून त्याला सुरुवात करावी लागली नाही. तुला मी हेच सांगतोय, ताई. तुझ्या दिवसात तो कुठं कुठं बसेल ते आधी बघ. रिकामा एक तास मिळेल आणि मग सुरू करू, असा तास चार वर्षांच्या पोराच्या आईला मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली जे सांगितलं ते असं: मोठ्या माणसानं आठवड्याला किमान 150 मिनिटं जरा दम लागेल इतपत हालचाल करावी, आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही करावं. पूर्वी ते म्हणायचे, सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची. ती अट त्यांनी काढून टाकली. आता चार मिनिटांचा जिनाही मोजतात. दम किती लागावा याची खूण सोपी आहे. चालता चालता बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. आणि तुझ्या मनगटावरचं घड्याळ दहा हजार पावलं मागतं ना, तो आकडा कुठल्या वैद्यानं काढलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होतं. तिथून तो जगभर झाला. तुझी साडेतीन हजार होत असतील तर साडेचार हजार कर. महिन्यानं पुढचं बघ. रात्री अकरा वाजता घड्याळात सात हजारच दिसले म्हणून दिवस वाया गेला असं मनात आणू नकोस.

तू जानेवारीत काय केलंस ते मला आईकडून कळलं होतं. आठवड्याला सहा दिवस, रोज सव्वा तास, भात बंद, साखर बंद, गहू बंद. माझ्या गाडीच्या भाषेत सांगतो. पौषातल्या थंडीत रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केली की आम्ही तिला लगेच पळवत नव्हतो. तेल वर चढू द्यायचं, हवेचा दाब भरू द्यायचा, मग पहिला गिअर. तुझं शरीर अठरा-एकोणीस वर्षं उभं होतं आणि तू पहिल्याच दिवशी टॉप गिअर टाकलास. अंग आंबलं, झोप मोडली, चिडचिड झाली, आणि मग पिल्लूला ताप आला तेव्हा जे सुटलं ते सुटलंच. यात तुझ्या आळशीपणाचा संबंध नाही. तेवढं ओझं कुणालाच पेललं नसतं.

ही चूक मीही केली, म्हणून एवढं ठामपणे सांगतो. दसऱ्याच्या आधी नवरात्रात मला हुरूप आला. अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या दर्शनाला नऊ दिवस रोज चढून जायचं ठरवलं. सपाटीवर चाळीस मिनिटं चालतोय म्हणजे गड काय मोठा, असं वाटलं. चार दिवस गेलो. वर गेलं की समोर यवतेश्वर, तिकडे सज्जनगड, पाऊस उघडत आलेला, सगळं हिरवंगार. मन भरून यायचं. पाचव्या दिवशी उतरताना उजवा गुडघा असा काही दुखला की चार भिंतीजवळ दगडावर बसलो आणि तुझ्या भावाला गाडी घेऊन बोलवावं लागलं. तीन आठवडे चढ-उतार बंद, फक्त सपाटीवर हळू चालणं. फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीनं मला सांगितलं की दम आठवड्यांत वाढतो, पण गुडघ्याभोवतीच्या दोऱ्या आणि सांधे तयार व्हायला महिने लागतात. दम वाढला म्हणून माणूस जोर करतो आणि सांधा मागे राहतो. तिनं मांडीच्या पुढच्या स्नायूसाठी एकच व्यायाम दिला. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, आठ वेळा, दिवसातून दोनदा. मी तो आजही करतो. गडावर आता आठवड्यातून दोनदा जातो, एरवी सपाटीवर चालतो.

मात्र त्या तीन आठवड्यांनी मला जे शिकवलं ते गड चढून शिकलो नसतो. एसटीचं वेळापत्रक तुला आठवतं? सकाळी सहाची गाडी सहाला सुटते. आत पंचावन्न माणसं असोत नाहीतर एक म्हातारी असो. आणि समज, वाटेत खंबाटकीत ब्रेकडाऊन झाला, ती फेरी रद्द झाली. दुसऱ्या दिवशी काय करतात? कालची भरून काढायला दोन गाड्या सोडत नाहीत, आणि काल बंद पडली म्हणून आजची रद्दही करत नाहीत. आजची गाडी आजच्या वेळेला सुटते. एवढंच करायचं असतं. गुडघा दुखत होता तेव्हा मी पहाटे उठून स्टँडवर जायचो आणि पाच मिनिटं सावकाश चालून बाकावर बसायचो. गाडीत एकच प्रवासी, पण गाडी सुटली. गुडघा बरा झाल्यावर मला नव्यानं काहीच सुरू करावं लागलं नाही.

मागे तू मला एक फॉरवर्ड पाठवला होतास, 21 दिवसांत सवय लागते म्हणून. तसं नाही. लंडनच्याच विद्यापीठात 96 लोकांवर यावर अभ्यास झाला, 2010 साली छापला गेला. रोजची एखादी साधी गोष्ट आपसूक व्हायला लोकांना सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, कुणाचा हिशेब 254 दिवसांपर्यंत गेला. व्यायामाची सवय पाणी प्यायच्या सवयीपेक्षा उशिरा लागली. आणि मला सगळ्यात बरं वाटलं ते हे की मधे एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात काही मोठा फरक पडला नाही. म्हणजे एकविसाव्या दिवशीही कंटाळा आला तर आपल्यात काही कमी आहे असं समजू नकोस. अजून अर्धी वाटही झालेली नसते.

ऋतूंचं म्हणशील तर चालायला लागल्यापासून चार वर्षांत मी सगळे ऋतू बघून झालो. आत्ता वैशाखात मी साडेपाचला निघतो आणि साडेसहाच्या आत घरी येतो. तुला पहाटे जमत नाही, तर रात्री जेवल्यावर सोसायटीतल्या सोसायटीत चाल. पाणी आधी पी, आल्यावर मीठ टाकून ताक पी, आणि चक्कर आल्यासारखं, मळमळल्यासारखं झालं तर त्याच जागी सावलीत बस. पावसात शेवाळ फार वाईट, पार्किंगमध्ये किंवा जिन्यात चालावं. थंडीत पहिली पाच मिनिटं अगदी हळू. श्रावणात-नवरात्रात उपास असेल त्या दिवशी निम्मं. एवढंच आहे. प्रत्येक ऋतूत चालणं थोडं बदलावं लागतं, थांबवावं असा एकही महिना मला सापडला नाही.

मला यात्रेच्या जादा गाड्या आठवतात. आषाढीला आम्हाला पंढरपूरची ड्युटी लागायची. लोणंद, फलटण, बरड अशी माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा रस्त्याच्या कडेनं चालणारी सत्तरीतली माणसं मी सीटवरून बघायचो. पायात साधी चप्पल, डोक्यावर बोचकं. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, अठरा-वीस दिवस. तेव्हा मला वाटायचं ही श्रद्धेची ताकद, आणि ती आहेच. पण आता चालायला लागल्यावर त्या वाटेची आखणी कळते. पुण्यात दोन मुक्काम, मग दिवेघाटाचा मोठा दिवस, आणि लगेच सासवडला पुन्हा दोन मुक्काम. जिथं जास्त थकवा, तिथं विसावा ठेवलेला. सकाळची न्याहारी, संध्याकाळचा तळ, सगळं ठरलेलं. एका दिवसात पंढरपूर गाठायला कुणी निघत नाही.

स्नायूंचं मुद्दाम लिहितो, कारण चालणं सगळे सांगतात आणि हे राहून जातं. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात, आणि बायकांची हाडं पाळी गेल्यावर झपाट्यानं विरळ होतात. त्याची शिल्लक आत्ताच टाकायची असते. यासाठी तुला जिमच लागेल असं नाही. माझ्या आईचं, म्हणजे तुझ्या आजीचं सांगतो. तिचं शिक्षण चौथीपर्यंत औंधला झालं, संस्थान होतं तेव्हा. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, मुलींनाही. 1940 च्या सुमाराची गोष्ट. एवढ्या आडगावी, खटाव तालुक्यात, मुली रांगेत उभ्या राहून नमस्कार घालत होत्या. आई सत्तर वर्षांची होईतो रोज बारा घालायची, नऊवारीचा काष्टा घट्ट करून, देवघरासमोर. तू लहान असताना तिच्या शेजारी आडवी व्हायचीस. दंडाला, पोटाला, पाठीला, मांडीला सगळीकडे जोर पडतो त्यात. तू चारपासून सुरू कर, सावकाश, श्वास न कोंडता. आठवड्याला एक वाढव. मनगट दुखलं तर भिंतीला हात टेकून दंड काढ, तेही चालतं. मात्र तुझं सिझेरियन झालेलं आहे आणि पाठ धरते, म्हणून सुरू करायच्या आधी एकदा फिजिओथेरपिस्टला दाखव. कळ पाठीतून पायात उतरत असेल तर नमस्कार घालूच नकोस, आधी दाखव. आणि चालताना छातीत दाटलं, तर कुठलाही विचार न करता डॉक्टर.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते लिहितो.

तुझी आई चाळीस वर्षं पहाटे पाचला उठली. पाणी भरलं, माझा डबा केला, तुमचे डबे केले, धुणी धुतली, शिवणकाम केलं. आणि आम्ही सगळे म्हणायचो, तिला कशाला वेगळा व्यायाम, दिवसभर कामच तर करते. मीही म्हणायचो. माझ्या साखरेनंतर मी रोज पहाटे चालायला जायचो आणि मी येईपर्यंत ती माझा नाश्ता करून ठेवायची. सहा महिन्यांनी तिची हाडांची तपासणी झाली आणि हाडं ठिसूळ निघाली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की माझ्या व्यायामाचा वेळ तिच्या पदरातून काढलेला होता. त्या दिवसापासून सकाळचा नाश्ता माझ्याकडे आहे. पोहे मला बरे जमतात, उपीट अजून गोळा होतो. ती गल्लीतल्या चौघीजणींबरोबर सहा ते पावणेसात चालायला जाते आणि आल्यावर तांदळाची दोन-दोन किलोची पुडकी हातात घेऊन वर-खाली करते. पहिल्या आठवड्यात घरी येऊन ती मला म्हणाली, "लग्नापासून मी कधी रिकाम्या हातानं रस्त्यावर चालले नव्हते." हातात पिशवी, कळशी, पोर, काहीतरी असायचंच.

म्हणून तुझ्या बाबतीत माझं पहिलं सांगणं जावईबापूंना आहे, आणि ते मी त्यांना वेगळं फोन करून सांगणार आहे. रात्री जेवण झालं की पंचवीस मिनिटं पिल्लू त्यांच्याकडे. भांडी तशीच राहू देत. तू खाली उतर आणि चाल. जेवल्यावर चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि आपल्या घरात साखर आता आहे, हे तू धरून चाललं पाहिजेस. दुपारी हिंजवडीच्या ऑफिसात डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं. तुझ्या ज्या मीटिंगमध्ये फक्त ऐकायचं असतं ती कानाला लावून गॅलरीत उभ्यानं कर. तीन मजल्यांपैकी आधी एक मजला जिन्यानं, दोन लिफ्टनं. एक मजला सोपा झाला की दोन. आठवड्यातून दोन दिवस नमस्कार. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या बुटावर कर. अन्नातलं आत्ता काहीच बंद करू नकोस. आपलं भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक हे चांगलंच आहे, तेच वेळेवर खा. झोप मात्र पाहिजे. अमेरिकेच्या कॉलमुळे एक वाजता झोपलीस तर सकाळी सहाचा गजर लावून व्यायाम करू नकोस, त्या दिवशी झोप आणि रात्री चाल.

वजनाच्या काट्यावर दोन महिने उभी राहू नकोस. माझं पहिल्या तीन महिन्यांत फक्त दीड किलो उतरलं, पण पायांची जळजळ कमी झाली, रात्री सलग झोप लागायला लागली, आणि जिना न थांबता चढता आला. तुझ्या बाबतीत पाठ आणि जिना, एवढंच बघ.

मुहूर्त शोधू नकोस. सोमवार, एक तारीख, जून, यातलं काही नको. हे पत्र तुला पोहोचेल तेव्हा बुधवार-गुरुवार असेल. त्या रात्री दहा मिनिटं.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी तुम्ही येणार आहात असं आई म्हणाली. पाऊस आला असेल तर स्टँडच्या फलाटावर, नसेल तर गडाच्या रस्त्यानं चार भिंतीपर्यंत, त्याच्या पुढे नको. पिल्लूला बरोबर घेऊ. त्याला पळू दे पुढे. मी कालच बाजारात जाऊन त्याच्यासाठी कॅनव्हासचे पांढरे बूट आणलेत, अंदाजानं घेतलेत, होतात का बघू. तुझ्या पायाचं माप मला आता माहीत नाही. ते तेवढं फोनवर सांग.

तुझे,
अण्णा